कच्ची टेप

चार मुलींचा तो बँड संपला, तेव्हा "संपला" असं कोणी म्हटलंच नाही. शेवटच्या कार्यक्रमानंतर गाडीत पाय वर घेऊन बसलेली ताई म्हणाली, "आता थोडे दिवस सुट्टी घेऊ या." ती सुट्टी सव्वीस वर्षं चालली.

ताई म्हणजे मधोमध उभी राहून मुख्य ओळ गाणारी. उंच होती ती शिडी, हसली की गालाला खळी पडायची ती खळी, आणि सगळ्यात लहान, डाव्या टोकाला उभी राहायची ती चिमणी. पोस्टरवर हीच नावं छापलेली असायची, खरी नावं फक्त घरच्यांना ठाऊक. एके काळी शाळकरी मुली या चौघींसारखे केस कापून घरी यायच्या आणि त्यांच्या आया डोक्याला हात लावून बसायच्या. त्याच मुलींना आता स्वतःच्या मुलींच्या केसांची काळजी आहे, तो भाग वेगळा.

प्रसिद्धी गेल्यावर माणसं करतात काय, असं लोकांना फार वाटत असतं. करतात काय म्हणजे, कामाला लागतात. शिडी पोहायला शिकवू लागली. पाण्याला घाबरणाऱ्या बायकांना ती काठावरून ओरडून सांगते, "पाय मारा!" आणि बायका निमूटपणे मारतात, कारण तिचा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. खळी घरं विकते. रिकाम्या खोलीत उभं राहून "इथे सकाळचं ऊन काय सुंदर येतं!" म्हणताना तिच्या गालाला अजून खळी पडते आणि गिऱ्हाईक अजून पाघळतं. ताई बरीच वर्षं टीव्हीवर दुसऱ्यांच्या गाण्याला गुण देत बसली. मग त्या खुर्चीवरही तिच्यापेक्षा तरुण कोणीतरी येऊन बसलं.

आणि चिमणी एका मोठ्या हॉस्पिटलात लोकांचे कान तपासते.

तिची खोली तळमजल्यावर, टोकाला. खोलीत आणखी एक खोली, कपाटाएवढी, जाड दाराची, आतून मऊ फोमने मढवलेली. पेशंटला त्यात बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. चिमणी काचेबाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, आणि तिने कागदावर खूण करायची, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. काही महाभाग अंदाजाने बटण दाबत सुटतात, विशेषतः बायकोने जबरदस्तीने आणलेले. त्यांच्यासाठी चिमणी मधेच चांगले दहा सेकंद काहीच वाजवत नाही. बटण दाबलं की चोर सापडला. बाहेर बसलेल्यांना नीट ऐकू येत नसल्यामुळे तिथल्या टीव्हीचा आवाज कायम मोठा असतो, आणि चिमणीला त्या कपाटात शिरलं की जिवात जीव येतो.

कधीतरी एखादा पेशंट तिच्याकडे निरखून बघतो. "तुम्ही त्या चौघींपैकी ना?" ती हो म्हणते. मग तो खूश होऊन म्हणतो, "ताईंचा आवाज काय होता हो!" आणि हेडफोन लावायला कान पुढे करतो. याचं तिला वाईट वाटायचं बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. निदान तिची तशी समजूत होती.

एका मंगळवारी पेशंटच्या यादीत एक अनोळखी आडनाव होतं. दार उघडून काळा चष्मा लावलेली बाई आत आली, चष्मा काढला, तर ताई.

"चिमणे," ताई म्हणाली आणि तिने चिमणीला घट्ट मिठी मारली. मग दार लागलंय ना ते वळून पाहिलं. "मला ऐकू येईनासं झालंय गं."

चिमणीने तपासलं. ताईचा कागद वाईट होता. खालचे आवाज ठीक होते, पण वरच्या सुरांकडे जाताना गोल आणि फुल्या दोन्ही धाडकन खाली घसरत होत्या. माणसाला बोललेलं अर्धंमुर्धं कळतं, पण आपण सुरात आहोत की नाही ते कळत नाही. चिमणीने कानाला मशीन लागेल म्हणून लिहून दिलं.

"कोणाला सांगू नकोस."

"पेशंटचं कोणालाच सांगायचं नसतं, ताई. नवऱ्यालासुद्धा नाही. इथला नियम आहे."

ताईचा चेहरा सैलावला. मग खुर्ची पुढे ओढून तिने खरी बातमी दिली. पहिल्या गाण्याला तीस वर्षं होत होती. मोठा कार्यक्रम ठरत होता, त्याआधी जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड होणार होतं.

"चौघी?" चिमणीने विचारलं.

"मग काय! चौघी, नाहीतर कोणीच नाही. विसरलीस का?"

चिमणी कशाला विसरतेय? त्या शेवटच्या रात्री गाडीत हे वाक्य चौघींनी हातावर हात मारून म्हटलं होतं, आणि बाकी तिघींपेक्षा तिनेच ते जास्त जपलं होतं.

"फक्त मला सूर सापडत नाहीये," ताई म्हणाली. "पूर्वीसारखी कच्ची टेप करून दे ना."

कच्ची टेप हे या चौघींचं खास प्रकरण होतं. नवं गाणं आलं की ते सगळ्यात आधी चिमणीला यायचं. मग ती एकटी बसून चौघींच्या चार ओळी वेगवेगळ्या गाऊन टेप करायची, ताईची ताईच्या ढंगात, शिडीची शिडीच्या. बाकीच्या तिघी ती टेप घरी नेऊन पाठ करायच्या. शिकणारा माणूस नेहमी मागे पडतो, म्हणून चिमणी प्रत्येक ओळ अगदी किंचित आधी उचलायची. पापणी लवेल एवढी आधी. स्टुडिओतला माणूस वैतागायचा, "ही बाई दार उघडायच्या आधीच आत येते!" पण तिघी कधी चुकल्या नाहीत त्या याच टेपांच्या जोरावर. पक्क्या रेकॉर्डवर अर्थातच जिची तिची ओळ असायची, आणि कच्ची टेप पुसून पुढच्या गाण्याला वापरली जायची.

पुढचे तीन आठवडे चिमणी दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या कपाटात बसली. गावात त्याच्याइतकी शांत जागा दुसरी नव्हती. ताईने एक छोटासा, भारी माईक आणून दिला. "म्हणजे मला स्वच्छ ऐकू येईल." एरवी चोरांना पकडणाऱ्या या बाईला तेव्हा काही वाटलं नाही. तिने कार्यक्रमातल्या अकराही गाण्यांतल्या ताईच्या ओळी गायल्या, जीव ओतून गायल्या.

घरी ती स्वतःची, चौथी ओळ घोटायची. नवरा भूगोल शिकवायचा, गाण्यातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण माणूस गुणी. ती गाऊ लागली की हातातला मिक्सर बंद करून उभा राहायचा. त्याने कॅलेंडरवर कार्यक्रमाच्या तारखेभोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, चिमणी. तिने रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात "कार्यक्रम" लिहिलं, त्यामुळे अर्ध्या तासात सगळ्या मजल्याला कळलं. कानाचे डॉक्टर म्हणाले, "आम्हाला पुढची जागा हं, नाहीतर ऐकू येणार नाही." चिमणी दिवसभर हवेत होती.

अर्ज मंजूर होऊन आला त्याच आठवड्यात बाहेरच्या टीव्हीवर गाणं लागलं.

ती एका आजोबांना हाताला धरून बाहेर सोडत होती. पडद्यावर तीन बायका होत्या. मधे ताई, एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला खळी. खाली कार्यक्रमाची तारीख. तिला आधी वाटलं, चौथी आता येईल. बहुतेक कॅमेरा अजून डावीकडे गेला नसेल. कॅमेरा डावीकडे गेला, तिथे फुलदाणी होती.

मग ताईने तोंड उघडलं आणि चिमणी जागच्या जागी थिजली. ओळ किंचित आधी आली होती. पापणी लवेल एवढी.

दुसरी ओळही आधी आली. तिसरीही. पक्क्या रेकॉर्डवर असं गाणारं जगात कोणी नव्हतं, आणि कच्च्या टेपवर एकच होती.

"तीस वर्षांनी पण तोच आवाज!" खुर्चीवरची एक बाई म्हणाली. नोंदणीच्या खिडकीतून मुलीने डोकं बाहेर काढलं, पडद्यावर तीनच बायका मोजल्या, आणि डोकं हळूच आत घेतलं. ते डोकं आत घेणं चिमणीला सगळ्यात जास्त लागलं.

तिने शिडीला फोन लावला. मागे पाण्याचा धबाधबा आवाज येत होता.

"अगं, ताई म्हणाली तूच नको म्हणालीस," शिडी म्हणाली. "नोकरी आहे, जमणार नाही म्हणालीस म्हणे."

"मग एक फोन करून विचारायचं नाही मला?"

"वाटलं, तुला त्रास कशाला."

"गाणं कोण गातंय, शिडे?"

पाण्याचा आवाज लांब गेला, शिडी फोन घेऊन बाजूला आली होती. "तुला विचारूनच घेतलं असेल, असं वाटलं गं आम्हाला."

आम्हाला. म्हणजे खळीलाही माहीत होतं. एकीने केसाने गळा कापला आणि दोघींनी बघून न बघितल्यासारखं केलं. चिमणीने फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं, कारण बाहेर अजून सहाजण होते.

चार दिवसांनी ताई मशीन बसवून घ्यायला आली. चिमणीला ते काम दुसऱ्या कोणाला देता आलं असतं. तिने दिलं नाही. दोन्ही कानांत मशीन नीट बसवलं, कॉम्प्युटरवर वरचे सूर एकेक करून वाढवले. काम चोख केलं.

"ताई, तो आवाज माझा आहे."

"हळू बोल," ताईने दाराकडे पाहिलं.

"आता हळू बोललेलंही ऐकू येईल तुला. चौघी म्हणाली होतीस."

ताई मांडीवरच्या पर्सशी चाळा करत राहिली. "मी खूप प्रयत्न केला, चिमणे. माझा सूर लागेना. तुझी टेप लावली आणि स्टुडिओतले सगळे म्हणाले, हीच ठेवू."

"ठेवायची होती तर मला शेजारी उभं करायचं."

"आणि तू तोंड उघडलंस की? एकच आवाज दोन तोंडांतून येईल. पहिल्याच गाण्यात सगळं फुटेल. तुला घेणं शक्यच नव्हतं गं."

हे डोक्यात शिरायला चिमणीला वेळ लागला. तिचा आवाज हवा होता, आणि म्हणूनच ती नको होती. म्हणजे तिने स्वतःच, डबा बाजूला ठेवून, तीन आठवडे बसून स्वतःला बाहेर काढलं होतं.

"विचारलं असतंस तर दिलाही असता मी," ती म्हणाली. रडायचं नाही असं ठरवूनही ती रडत होती. "पडद्यामागे उभी राहून गायले असते, ताई."

"आणि नाही म्हणाली असतीस तर? तुला काय कमी आहे? घर आहे, नवरा आहे, नोकरी आहे. माझ्याकडे एवढं एकच आहे." ताई उठली, चष्मा लावला. दारापाशी थांबून तिने विचारलं, "याच्या बॅटऱ्या कधी बदलायच्या?"

"आठवड्याने," चिमणी म्हणाली. कोणत्याही पेशंटला हेच सांगायचं असतं.

घरी जाताना तिने पुष्कळ विचार केला. वर्तमानपत्रात जावं, तर पहिला प्रश्न येणार, ताईंना टेप लागलीच कशाला? आणि ते पेशंटचं गुपित. शिवाय डाव्या टोकाच्या बाईवर विश्वास कोण ठेवणार? लोकांना तिचा आवाज माहीतच कुठे होता? एका माणसाला मात्र माहीत होता. चोवीस वर्षं तो त्या आवाजाच्या घरात राहिला होता. त्याला काही सांगायची गरज पडणार नाही, त्याने ऐकलं की झालं. निदान एका माणसाला कळलं की तिला पुरणार होतं.

नवरा स्वयंपाकघरात टेबलाशी वह्या तपासत बसला होता. कॅलेंडर त्याने भिंतीवरून काढून ठेवलं होतं, तिला दिसू नये म्हणून. तिने काही न बोलता फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. त्याने पेन खाली ठेवलं, मान तिरकी करून नीट ऐकू लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं.

"तुझ्याशी वागली ते वाईटच," तो म्हणाला. "पण खरं सांगू? बाई गाते मात्र सुरेख. असा गळा एखादीलाच मिळतो."

"ती नाही गात," चिमणी म्हणाली. "मी गातेय ते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की तिला ती सोसवेना. तो उठून तिच्याजवळ आला, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे गं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी घेतील तुलाही."

आणि शेवटचं कडवं नीट ऐकू यावं म्हणून त्याने आवाज जरा मोठा केला.