आधी कोण अडकलंय ते सांग

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तिला सगळे पाल्हाळताई म्हणायचे, तेही तोंडावर. तक्रारीचे फोन घ्यायचे आणि मेकॅनिकना मोबाइलवर निरोप धाडायचे, हे तिचं काम. मी शेजारच्या टेबलावर सुटे भाग सांभाळायचो. बाईचं मन हळवं. फोनवरच्या माणसाचा आवाज कापत होता, हेही तिला सांगावंसं वाटायचं. मग निरोप मारुतीच्या शेपटासारखा वाढत जायचा.

एकदा एका इमारतीत मायलेकी लिफ्टमध्ये अडकल्या. ताईने लिहायला घेतलं, "नमस्कार, आत्ताच चौथ्या मजल्यावरच्या काकांचा फोन येऊन गेला, ते फार वैतागलेत, मागेही असंच झालं होतं म्हणतात..." बंद पडलीय ती मागची लिफ्ट, हे अगदी शेवटी. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात उतावळा मेकॅनिक. तो शेवटपर्यंत पोचलाच नाही. त्याने पुढची धडधाकट लिफ्ट उघडून ठेवली आणि मागे मायलेकी दार बडवत राहिल्या.

साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून तुम्ही बिलं बघा. फोनवर दुसरं कोणीतरी बसवतो."

बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "बिलं बघा म्हणे! मला माणसांशी बोलायला आवडतं रे," ती मला म्हणाली.

त्या रविवारी ती आत्याकडे गेली. तिथलं सगळं मला तिनेच सांगितलं. आत्या एका साप्ताहिकात इवल्याइवल्या गोष्टी लिहायची. जाहिराती लावून जो कोपरा उरेल त्यात गोष्ट मावली पाहिजे, त्यामुळे तिचा हात कात्रीसारखा चालायचा. तिने तो निरोप वाचला आणि मोबाइलवर तळहात ठेवून वरचा अख्खा भाग झाकून टाकला.

"गोष्ट इथून सुरू होते. मायलेकी मागच्या लिफ्टमध्ये अडकल्यात. त्याआधी तू नुसती घसा खाकरत होतीस."

"पण काका वैतागलेत त्याचं काय?"

"काका लिफ्टमध्ये आहेत का?"

"नाहीत."

"मग ते गोष्टीतही नाहीत."

ताई हसली, पण ते तिला लागलंही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिने असा काही झपाटा लावला की विचारू नका. पहिलाच निरोप गेला, "बी विंग. तिघं अडकलेत. पळ."

लगेच लंबूचा फोन. "ताई, पळतो, पण कुठे? बी विंग काय एकच आहे का गावात?"

ऑफिस हसून हसून लोळलं. ताईने त्याला पत्ता दिला आणि संध्याकाळी थेट आत्याचं घर गाठलं.

"काय गाळायचं ते कळलं तुला," आत्या म्हणाली. "काय गाळायचं नाही, ते राहिलं. वाचणाऱ्याला मनानं भरता येईल तेवढंच सोडायचं. पत्ता तो मनानं कसा भरणार? आणि सगळे बारकावे फेकू नकोस गं. एक ठेव. ज्यानं पुढचं पाऊल ठरतं, तो."

मग ताई रोज लिहायची, खोडायची, पाठवायच्या आधी पुटपुटत वाचायची. लंबूचे उलटे फोन हळूहळू बंद झाले. साहेबांचं मात्र लक्ष नव्हतं. महिना संपत आला होता.

आणि एका दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. फोनवर फोन. हातातलं टाकून मीही एक रिसीव्हर उचलला. ताईच्या कपाळावर घाम होता, पण बोटं भराभर चालत होती. तिने लिहिलं, "आजोबा एकटे, दम लागलाय. नदीकाठचा टॉवर, डावी लिफ्ट, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये. मशीनरूमची किल्ली वॉचमनकडे. लंबू, आधी हे."

त्यामागोमाग दुसरा निरोप. "दोघी मैत्रिणी, हसतायत. बँकेवरची इमारत, सातवा मजला. आजोबा सुटले की इकडे."

तो 'हसतायत' वाचून मी ताईकडे बघतच राहिलो. आधी कुठे धावायचं ते त्या एका शब्दाने सांगून टाकलं होतं.

थोड्या वेळाने लंबूचं उत्तर आलं, "आजोबा बाहेर. पाणी प्यायले. आता मला झापतायत."

ताईने टेबलावर मूठ आपटली. आजोबा झापतायत म्हणजे दम परत आला! मग एकेक सुटकेची बातमी येत गेली. शेवटची आली तेव्हा मी उभा राहून टाळ्या पिटत होतो आणि साहेब ताईच्या खुर्चीमागे कधी येऊन उभे राहिले ते कोणालाच कळलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि सगळे निरोप वरपासून खालपर्यंत वाचले.

"एकही उलटा फोन नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

"बिलांचं राहू द्या. आपल्या बाकीच्या शाखांतली माणसं तुमच्याकडे पाठवतो. शिकवाल?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान डोलावली.

पंधरवड्यानंतर मीटिंगरूममध्ये खुर्च्या कमी पडल्या. पहिल्या रांगेत आत्या, मांडीवर पर्स ठेवून ताठ बसलेली. ताई उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मोबाइल काढा. काल पाठवलेला सगळ्यात लांब निरोप उघडा. चला, कापायला घेऊ."