सुनंदाची चिठ्ठी आणि अण्णांची गाडी

सातव्या चिठ्ठीवर मी थांबलो. समोर अख्खी मंडळी डोळे मिटून बसलेली, आणि मी पुल्पिटवर, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावर, कागद हातात धरून उभा.

आधी हे चिठ्ठ्यांचं सांगतो. आमच्या उपासनेत उपदेशाच्या आधी मध्यस्थीची प्रार्थना असते. मध्यस्थी म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे शब्द टाकणं. चर्चच्या दाराशी एक पेटी ठेवलेली असते. ज्याला प्रार्थना हवी त्यानं कागदावर नाव आणि कारण लिहून त्यात टाकायचं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बारावी, कुणाचा मुलगा दुबईला निघालेला. पाळक ती नावं मोठ्यानं वाचतो. पाळक म्हणजे मी. लोक मला फादर म्हणतात, मी दुरुस्त करतो, पुढच्या वेळी पुन्हा फादरच म्हणतात. पेटीतली चिठ्ठी वाचायची राहिली असं माझ्या सगळ्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

सातवी चिठ्ठी सुनंदाची होती. ‘महापालिकेच्या निवडणुकीला उभी आहे. धीर मिळावा म्हणून प्रार्थना.’

सुनंदा आमच्या मंडळीतलीच. सात रस्त्याजवळ एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स. आमच्या प्रभागातून अपक्ष उभी राहिली होती. मागणं एकच. नळाला पाणी किती वाजता सोडणार ते आदल्या दिवशी आळीत कळावं, म्हणजे बायकांचा कामाचा खाडा होणार नाही. तिच्याकडे ना जीप, ना झेंडे. संध्याकाळी दवाखाना सुटला की दोन मैत्रिणी घेऊन दारोदार फिरायची.

मी तिची चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि आठवं नाव वाचलं.

याला कारण होतं. तरुणपणी मी नातेपुत्याकडच्या एका छोट्या मंडळीत होतो. तिथं एका निवडणुकीनं मंडळीची दोन शकलं झालेली मी पाहिली होती. सख्खे भाऊ चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसायचे. तेव्हापासून नियम केला, पुल्पिटवर राजकारण नाही. नियम चांगला होता, अजूनही मला तो चांगलाच वाटतो.

उपासना सुटल्यावर दानिएलमामा दाराशी थांबले. हे सुनंदाचे वडील, वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक.

“पाळक, एक चिठ्ठी ऱ्हायली व्हय?”

“राहिली नाही मामा, बाजूला ठेवली. चर्चमध्ये राजकारण नको.”

“तिनं मत कुटं मागितलंय? धीर मागितलाय की.”

“आज तिचं नाव घेतलं तर उद्या दुसरा येईल. मग कुणाकुणाला नाही म्हणू?”

मामा म्हणाले, “बरं. शनिवारी येतो. कार्बोरेटर पुन्हा साफ करायचाय.”

कार्बोरेटर अँबॅसिडरचा. माझ्या आधीच्या पाळकांनी वापरलेली ही पांढरी गाडी चर्चच्या बंगल्यामागं वर्षानुवर्षं पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी ती दुरुस्त करायचं मनावर घेतलं आणि मामांना विचारलं. ते हसले, पण आले. त्यानंतर दोन वर्षं एक शनिवार चुकला नाही. मामा गाडीखाली, मी पाने देणारा. त्यातही चुकीचा पाना द्यायचो. विश्वासाबद्दल मी जितकं त्या गाडीपाशी बोललो तितकं पुल्पिटवरून बोललो नसेन. मामा खालूनच विचारायचे, “परवा तुमी माफीवर बोलला. सोता कुणाला केलीय का माफी?” मी विषय बदलायचो.

मामांचा क्रम ठरलेला. आधी इंजिन, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी. रंग झाला की मालकाला घाई सुटते आणि आतलं काम तसंच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

इंजिन निवडणुकीच्या बरंच आधी चालू झालं होतं, पण कागदांवर घोडं अडलं. गाडी चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या नावावर होती. ट्रस्टचं ऑफिस दुसऱ्या गावी. ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होईना, आणि माझ्या पत्रांना उत्तर येईना. ते काम केलं अण्णांनी.

अण्णा म्हणजे आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक. सुनंदा उभी होती त्याच जागेवर तेही उभे होते. माणूस मोठा गोड. माझ्यासमोरच त्यांनी ट्रस्टच्या कुणाला तरी फोन लावला, पाच मिनिटं कानडीत हसतखिदळत बोलले आणि आठ दिवसांत पत्र हातात. मी आभार मानले तर म्हणाले, “आभार कसले, पाळकसाहेब? गाडी झाली की प्रार्थना ठेवणार असाल की. आमाला बी बोलवा.”

लोक नव्या गाडीला हार घालतात, नारळ फोडतात. आमच्यात पाळकाला बोलावतात. बॉनेटवर हात ठेवायचा, प्रवासात राखण मागायची, मग चहा-केक. निवडणूक लागल्यावर अण्णांनीच रविवार सुचवला, मतदानाच्या आधीचा. मतदान झाल्यावर ठेवू, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी ‘या की’ म्हणालो.

मामांना म्हटलं, या आठवड्यात रंग उरकू.

“मास्टर सिलिंडर गळतोय,” मामा म्हणाले. म्हणजे ब्रेकचं तेल जिथून चाकांना जातं तीच जागा. “आदी ब्रेक, मग रंग.”

“कंपाउंडच्या बाहेर कुठं न्यायचीय मामा? नुसती प्रार्थना आहे.”

“एवडी घाई कशाची?”

मी म्हणालो, “असंच.” अण्णा येणार हे मी त्यांना सांगितलं नाही. विसरलो नव्हतो.

रविवारी उपासना सुटल्यावर सगळे कंपाउंडमध्ये जमले. गाडी दुधासारखी पांढरी झाली होती. अण्णा वीस-पंचवीस माणसं घेऊन आले, सगळ्यांच्या गळ्यात पक्षाचे पंचे. मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी बायबल उघडलं.

गाडीची प्रार्थना झाली. ‘आमेन’ म्हणणार तेवढ्यात अण्णा पुढं आले, टोपी काढली आणि माझ्यासमोर वाकले.

“आमच्या बी डोक्यावर हात ठेवा की, पाळकसाहेब. आशीर्वादाला कुटं पक्ष असतो?”

लोक हसले. माझा नियम तोंडापर्यंत आला. पण ट्रस्टचं पत्र आठवलं, एवढ्या लोकांत माणसाला कसं परतवायचं असंही वाटलं. मी हात ठेवला. नाव घेऊन प्रार्थना केली, त्यांना बुद्धी आणि बळ मागितलं.

पाळक प्रार्थना करताना मधेच डोळे उघडतात, हे आमच्या कामातलं गुपित आहे. मी उघडले. बायकांच्या घोळक्यात सुनंदा उभी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तिचे उघडे. ती माझ्या हाताकडे बघत होती.

संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या आळीच्या मोबाइलवर. माझा हात, अण्णांचं डोकं, मागं गाडी. खाली ओळ होती, ‘मंडळी अण्णांच्या पाठीशी.’ मी मंडळीच्या सेक्रेटरींना म्हटलं, खुलासा करू. ते म्हणाले, “काय करणार? हात तर तुमचाच आहे.”

मला वाटलं, आता मामा येणार नाहीत. पण शनिवारी ठरल्या वेळी आले. मास्टर सिलिंडर बदलला, चारी चाकं काढून ब्रेक बसवले, कंपाउंडमध्ये तीनदा गाडी थांबवून बघितली. माझ्याकडे पाना मागितला नाही, स्वतःच उठून घेत होते.

मी म्हटलं, “मामा, रागावलात ना? तरी आलात.”

हात पुसत म्हणाले, “तुमच्यासाटी न्हाय आलो. रस्त्यावर समोरून येणाऱ्याची काय चूक हाय?” आणि किल्ली बॉनेटवर ठेवून गेले. पुन्हा शनिवारी आले नाहीत. उपासनेला येतात, सलाम करतात. मी काही विचारलं तर उत्तर देतात, तेवढंच.

निवडणूक अण्णा जिंकले. सुनंदा हरली. ती तशीही हरलीच असती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

मग एके दिवशी दवाखान्यात गेलो. ती केसपेपर लावत होती. मी म्हटलं, “सुनंदा, माझं चुकलं.”

“व्हय, चुकलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “हरले त्याचं काय न्हाय, पाळकसाहेब. पण आपल्याच आळीतल्या बायका म्हणल्या, तुझ्या पाळकांनाच तुझा भरवसा न्हाय, आमी कसा ठेवायचा? त्यांना काय सांगू मी?”

अशा वेळी आम्हाला जे येतं तेच मी केलं. म्हटलं, “आपण आत्ता प्रार्थना करू या का?”

“आता नको,” ती म्हणाली. “पेशंट बसलेत.”

बाकावर खरंच चार-पाच माणसं होती. त्यांच्यातून वाट काढत मी बाहेर आलो. मरणाच्या दारातल्या माणसांनी, दारू प्यायलेल्यांनी, कट्टर नास्तिकांनीसुद्धा मला प्रार्थना करू दिली आहे. नको म्हणणारी ही एकटी, आणि तिचं बरोबर होतं. ते मला अजून लागतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. गाडी उत्तम चालते, ब्रेक तर फारच छान लागतात. आळीत तिला ‘अण्णांची गाडी’ म्हणतात. मी दुरुस्त करायला जात नाही.

नवे पाळक कधी भेटायला आले की विचारतात, “साहेब, राजकारणापासून लांब कसं राहायचं?” नियम करा, असं मी आता सांगत नाही. नियम माझ्याकडेही होता. मी सांगतो, कुणाला नाही म्हणताना तुमची जीभ अडखळली नाही ते आठवून बघा. माझी मेकॅनिकच्या मुलीला नाही म्हणताना अडखळली नव्हती.