दारातली कढई

इथे बहारीनमध्ये रिफातून सीफच्या ऑफिसला जाताना माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर नैरोबीची एक बाई बसते. बरीच वर्षं बसते. ऑफिस एकच, राहायला दोघं एकाच गल्लीच्या दोन टोकांना, आणि तिच्याकडे गाडी नाही. ती मला 'ब्रदर' म्हणते, मी तिला 'सिस्टर' म्हणतो. आमचं बोलणं इंग्रजीत, मधे थोडं हिंदी, आणि रस्त्यात कुणी आडवा आला की दोघांचंही अरबी. माझ्या गाडी चालवण्यावर ती म्हणायची, "ब्रदर, आत्ता एक उंट आपल्याला ओव्हरटेक करून गेला. सलाम पण केला त्याने."

मी कमी बोलणारा माणूस आहे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात लहानपणी मला 'मुका' म्हणायचे, आणि त्याचं मला वाईट वाटायचं नाही. गप्प राहणाऱ्याला लोक भला समजतात. या समजाचा मी आयुष्यभर फायदा घेतला. तिच्या बाबतीत घेतला तो आता लिहून टाकतो.

आमची कंपनी आफ्रिकेतल्या शहरांत भाड्याच्या इमारती बांधते आणि चालवते. पैसा इकडचा, जमीन तिकडची. नैरोबीच्या कडेला पहिल्या चार इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ऑफिसात केक कापला होता. ते काम वाईट नव्हतं, हे आधीच सांगतो. एक मोठी खोली, स्वयंपाकाचा ओटा, घरातच संडास आणि मोरी, नळाला पाणी, आणि भाडं एखाद्या नर्सला, ड्रायव्हरला, शाळेतल्या बाईंना परवडेल असं. भाडं मोबाइलवरून भरायचं, तक्रारही मोबाइलवरून. घरमालक म्हणून कुणी दारात येऊन आरडाओरडा करणार नाही. भाडेकरूंचे करार, सूचना, नोटिसा ही सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती. सिस्टरचं काम फोनवरचं. तिकडून चौकशी करणाऱ्यांशी स्वाहिलीत बोलायची, आणि घराचं वर्णन असं करायची की भाषा कळत नसूनही मलाच तिथे राहायला जावंसं वाटायचं.

एके सकाळी गाडीत म्हणाली, "ब्रदर, मी एक फ्लॅट बुक केला."

"कुणासाठी?"

"आईसाठी. आणि माझ्या पोरासाठी. दिवसभर लोकांना सांगते, या, या. आणि माझी स्वतःची आई अंगणातल्या नळावर बादली घेऊन रांगेत."

तिची आई आणि मुलगा शहरातल्या एका जुन्या वस्तीत राहत होते. मधे अंगण, भोवती पत्र्याच्या खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ. आई पहाटे दाराशी शेगडी मांडून मंदाझी तळायची. आपल्या गोड पुरीचं पीठ जाड लाटून त्रिकोणी कापून तळलं तर जे होईल ते. शाळेला निघालेली पोरं, कामावर निघालेली माणसं, सगळी तिच्या दारावरून कागदात गुंडाळून घेऊन जायची. घर त्या कढईवर चालायचं. बहारीनहून जायचे त्या पैशांतून फक्त मुलाची फी, बाकीचे शिल्लक. चालू काँट्रॅक्ट संपलं की ती कायमची परत जाणार होती. मुलगा तिने अगदी लहान असताना आईकडे सोडला होता. "त्याला मिसरूड फुटायच्या आत पोचते, इंशाल्ला," ती म्हणायची. ती चर्चला जाणारी, पण इंशाल्ला इथे सगळेच म्हणतात.

"नव्या घरी आई तळेल ना?" मी विचारलं.

"का नाही? चार इमारती, ब्रदर! गिऱ्हाईक जिन्यातच."

तेव्हा भाडेकरूंचे नियम लिहून मला काही महिने झाले होते. मला आठवलेसुद्धा नाहीत.

ते नियम मी कसे लिहिले तेही सांगतो. पहिले भाडेकरू यायच्या बेतात होते. मॅनेजर दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "नियमावली लागेल. आजच. यल्ला, लवकर." मी बायकोला फोन लावला, म्हटलं, आपल्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी बोर्ड आहे ना, त्याचा फोटो पाठव. तिने पाठवला. बोर्डाच्या काचेत तिचा हात आणि हातातल्या डब्यांच्या पिशव्याही उमटल्या होत्या. मी तो बोर्ड जसाच्या तसा टाइप केला. इथल्या मालकाचं नाव काढलं, कंपनीचं घातलं. जिन्यात चपला ठेवू नयेत. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. घरात, दारात अथवा जिन्यात विक्रीसाठी स्वयंपाक करू नये. चहा यायच्या आत काम झालं होतं.

आता त्या पिशव्यांचं. माझी बायको घरून डबे देते. तांदळाच्या रोट्या, माशाचं सालन, शुक्रवारी बिर्याणी. आसपास एकटी राहणारी पोरं नेतात. म्हणजे त्या बोर्डावरचा नियम आमच्या घरात रोज मोडतो. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, बांगलादेशी म्हातारा, बरोबर त्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसतो आणि पहिला डबा त्याचा असतो. एकदा मालक अचानक उगवला तर तोच धापा टाकत वर आला, "भाभी, खिडकी खोलो! मछली का बास नीचे तक आता!" इथे बोर्डाचं असं असतं. तो लावायचा असतो. मला वाटलं, तिथेही लावतील.

तिथे बोर्ड लावलाच नाही. नियम मोबाइलच्या ॲपमध्ये गेले. प्रत्येक मजल्यावर कॅमेरा बसला. कुणी नियम मोडला की फोटोसकट नोंद आमच्या सीफच्या ऑफिसात, माझ्या स्क्रीनवर यायला लागली. मी 'मंजूर' दाबलं की भाडेकरूला नोटीस. तीन नोटिसा झाल्या की करार रद्द. डबा घेऊन दुसरीकडे बघणारा म्हातारा त्या सगळ्या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

सकाळी आलं की चहा पितापिता मी त्या नोंदी उरकायचो. बहुतेक चपला आणि कपडे. एका फोटोत अर्धं उघडं दार होतं, उंबऱ्याबाहेर शेगडी, शेगडीवर कढई, आणि झारा धरलेला एक सुरकुतलेला हात. चेहरा दिसत नव्हता. दाबलं. पुढे काही दिवसांनी तेच दार, तीच कढई. दाबलं.

त्या संध्याकाळी परतताना हायवेला लागल्यावर तिने फोन पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "ब्रदर, तुला कागदपत्रांतलं कळतं. आईला दोन नोटिसा आल्यात. विकायला स्वयंपाक करायचा नाही म्हणे. माझंच चुकलं, आधी वाचायला हवं होतं. पण आपल्याच कंपनीचं घर, म्हटलं काय वाचायचं! हा नियम कुणी केला?"

मला तो हात आठवला.

"वरून आलाय," मी म्हणालो.

"बदलता येईल?"

"बघतो."

"हे इंडियन 'बघतो' आहे, की खरंच बघणार आहेस?"

मी हसलो. तीही हसली. दोघं हसलो म्हणजे विषय संपला, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी बिर्याणीचे डबे भरताना बायकोला सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"अहो, मग तिला सांगून टाका, माझ्याकडून झालं म्हणून. आणि काढा तो नियम."

"मॅनेजर विचारेल, आणला कुठून."

"सांगायचं, बिल्डिंगच्या बोर्डावरून."

"ऑफिसात असं सांगतात होय?"

"मग काय सांगतात ऑफिसात?" ती झाकण दाबत म्हणाली. "आपल्या नातूराने असल्या नोटिसा काढल्या असत्या तर पोरीची फी कुठनं भरली असतीत?"

पोरगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "अब्बा, जस्ट टेल हर."

माझ्याकडे कारणं होती. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. माझा व्हिसा रिन्यूला आला होता. या वयात दुसरी नोकरी कोण देतो? ही कारणं खोटी नव्हती, पण मी त्यांच्यामुळे गप्प बसलो नाही. मी ज्यामुळे बसलो ते फार लहान होतं. ती मला भला माणूस समजायची, आणि येताजाताच्या त्या गाडीत मला तसंच राहायचं होतं.

तिच्या आईने तिसरी नोटीस येऊ दिली नाही. कढई आत घेतली ती घेतलीच. "आई टीव्ही बघते आता," ती गाडीत सांगायची. "आयुष्यात पहिल्यांदाच. एकही कार्यक्रम आवडत नाही तिला, सगळ्यांना शिव्या घालते, तरी बघते." भाडं, खाणं, फी, सगळं आता बहारीनहून जायला लागलं. शिल्लक पडणं थांबलं. अंगणातली जुनी खोली केव्हाच दुसऱ्या कुणी घेतली होती, तिकडे परतायची सोय नव्हती. हे मला तुकड्यातुकड्याने शेजारच्या सीटवरून कळत होतं. अधूनमधून ती विचारायची, "वर बोललास का, ब्रदर?" मी म्हणायचो, "बोललोय." कुणाशीही बोललो नव्हतो. एकच खोटं परत परत सांगायला फार शब्द लागत नाहीत. माझ्यासारख्याला ते जमून जातं.

मग तिचं काँट्रॅक्ट संपायला आलं. एक दिवस ऑफिस सुटल्यावर ती पार्किंगमध्ये आली, बसली, सीटबेल्ट लावला.

"खलास," ती म्हणाली. "सही केली. अजून दोन वर्षं."

मी किल्ली फिरवली नाही. "पोराला सांगितलंस?"

"दुपारीच सांगितलं. म्हणतो, तू तर येणार होतीस. मी चिडून म्हटलं, जा, आजीला विचार का येत नाही ते. बघ किती वाईट बोलले. आजीने काय केलंय?"

"आजीने काही केलं नाही," मी म्हणालो. "तो नियम मी लिहिला."

मग सगळं सांगितलं. बोर्ड, बायकोने पाठवलेला फोटो, तो झाऱ्याचा हात, आणि वर कुणाशीही न बोलणं. माझं इंग्रजी असल्या बोलण्यासाठी नाही, मधेच हिंदीत घसरत होतो. तिने एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर दोनच प्रश्न विचारले.

"दोन्ही नोटिसा तू पाठवल्यास?"

"हो."

"आणि मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"बोर्ड बघून उतरवून काढलंस त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तसं सगळेच उतरवून काढतात. पण मी रोज इथे बसत होते, ब्रदर. इथे, तुझ्या शेजारी." मग म्हणाली, "गाडी चालू कर. उकडतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरसमोर उभा राहिलो. त्याने स्क्रीनवरून नजर हटवली नाही.

"कुठला? स्वयंपाकाचा? तो नियम कशाला आहे तिथे?"

"मी घातला होता."

"मग काढ. मला काय विचारतोस?"

एवढंच. परवानगीसुद्धा लागत नव्हती. मी जागेवर आलो, ती ओळ काढली, आणि ती काढायला लिहिण्याइतकाही वेळ लागला नाही. मॅनेजर रागावला असता, मला काढून टाकलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं. मी निदान कशाला तरी घाबरलो होतो, असं झालं असतं.

मी तिच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. तिने मान हलवली आणि तिथल्या तिथे आईला फोन लावला. बोलणं स्वाहिलीत झालं. संध्याकाळी गाडीत मी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं.

"आई विचारते, कॅमेरा काढला का? मी म्हटलं, आई, तो चोरांसाठी आहे. ती म्हणाली, मग मला का धरलं त्याने?"

मी विचारलं, आता परत तळेल का. ती म्हणाली, गिऱ्हाईक फाटकाबाहेरच्या दुकानातला पाव घ्यायला शिकलंय, आणि आई आता दार उघडायच्या आधी फटीतून जिना बघते. अशा माणसाच्या हातून पीठ नीट मळलं जात नाही.

त्या दोन वर्षांतलं पहिलं वर्ष सरत आलंय. माझ्या माहितीत कढई अजून आतच आहे. ती अजून माझ्याच गाडीतून येते, कारण त्या वेळेला सीफला जायला दुसरं सोयीचं काही नाही. पूर्वी मुलाचा फोन आला की ती स्पीकरवर टाकायची, त्याला 'हॅलो अंकल' म्हणायला लावायची, आणि मीही त्याला शाळेचं काहीबाही विचारायचो. आता ती फोन कानाला लावते आणि खिडकीकडे वळून बसते. मी एसीचा आवाज कमी करतो, तिला त्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.