ड्रायव्हरमामांचा फ्लॅट टीव्ही

टीव्हीवर समोरून ट्रक आला की ड्रायव्हरमामांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. सिनेमातला नायक शेजारच्या नायिकेकडे बघत, गाणं म्हणत घाटातून मोटार हाकू लागला, की मामा खुर्चीत ताठ बसून त्याच्याऐवजी ब्रेक मारत. "म्होरं बघ की लेका, तिच्याकडं मंग बघ," असं त्याला बजावत. नायक ऐकत नसे. गाणं संपून दोघं सुखरूप खाली उतरली की मामा पाय सैल सोडत आणि म्हणत, "नशीब चांगलं त्याचं."

मुलांनो, हे तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. देवळाली प्रवऱ्यात मात्र ते साऱ्या गल्लीचे ड्रायव्हरमामा होते. आयुष्य एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि गल्लीतली मुलं राहुरीच्या शाळेत न्यायला-आणायला सुरुवात केली. तुमची आईही त्यातच असे. बायका आपापल्या मुलांना जीपमध्ये चढवत आणि गाडी हलायच्या आत घरात वळत. मागे वळून बघायची त्यांना गरजच वाटत नसे. मामांना त्या पाठमोऱ्या बायकांचा फार अभिमान होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मामांचं वय झालं होतं. तुमचे आजोबा अधूनमधून विषय काढत, "दादा, आता जीप बास करा." मामा म्हणत, "ज्या दिवशी मला वाटंल का माझ्याकडनं चूक व्हईल, त्या दिवशी मीच उतरंन. तवर तू बोलू नगं." त्यांच्या गाडीला कधी साधा ओरखडाही आलेला नव्हता.

सकाळी चहाच्या आधी ते जीपभोवती फेरी मारत. काठीने टायर ठोकून बघत, मग जुन्या वर्तमानपत्राचा बोळा पाण्यात बुडवून समोरची काच पुसत. "काच पुसल्याबिगर रस्त्याला लागू नये," हा त्यांचा नियम. घरातल्या प्रत्येक काचेला त्यांनी तोच नियम लावला होता. संध्याकाळच्या बातम्यांआधी टीव्हीची काचही त्याच बोळ्याने पुसली जाई. माझा चष्मा कुठे दिसला तर तोही सुटत नसे. चष्म्यावर शाईचे काळे फराटे उमटत आणि वर्गात मुली हसत. मी तक्रार केली तर म्हणत, "म्याडम, फराटे जातील. सवय ऱ्हाईल." मी राहुरीला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे त्यांच्या लेखी मी सूनबाई कधी झालेच नाही. 'म्याडम' हे ते अर्धं आदराने आणि अर्धं चेष्टेने म्हणत.

यंत्रांच्या बाबतीत मात्र घरात त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि तो त्यांनी कमावलेला होता. एकदा मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते. मामा अंगणातून ओरडले, "मिक्सर बंद करा, वायर जळती." मला ना वास आला ना धूर दिसला. तरी बंद केला. उघडून पाहिलं तर आतली वायर खरोखर काळी पडली होती. अशा दोन-चार गोष्टी घडल्या की माणसावर विश्वास बसतो. म्हणून मामा जेव्हा म्हणाले की टीव्ही बिघडलाय, तेव्हा आम्ही तो बिघडला असंच धरून चाललो.

तो टीव्ही तुम्ही पाहिलेला नाही. पेटीएवढा मोठा, आत काचेची भलीमोठी ट्यूब आणि समोरची काच पुरीसारखी फुगलेली. मामांचं म्हणणं होतं की त्या फुगलेल्या काचेने चित्र नासतं. क्रिकेट बघताना म्हणायचे, "ह्ये स्टंप वाकडे दिसत्यात." पुढे म्हणू लागले, "बातम्या देनाऱ्या बाईच्या तोंडावर डाग पडलाय. मधोमध." आम्ही बघायचो. आम्हाला बाई स्वच्छ दिसायची. पण मामा इतक्या ठामपणे सांगत की थोड्या दिवसांनी मलाही स्टंप किंचित कलल्यासारखे वाटू लागले.

टीव्ही दुरुस्त करणारे शकीलभाई तीनदा येऊन गेले. एकदा तर त्यांनी काचेसमोर मोठी गोल कॉइल फिरवली. पडद्यावर रंगांची लाट उठली आणि शांत झाली. "घ्या मामा, आता डाग असला तरी पळाला."

मामांनी टक लावून पाहिलं. "हाय तिथंच हाय."

"मला तर दिसत नाही."

"तुला कसा दिसंल? तू कधी गाडी हाकलीस का? डोळ्याला वळन लागतं."

"मामा, मी सायकल चालवतो," शकीलभाई हत्यारं गोळा करत म्हणाले, "पण मला माझी बायको तरी सरळ दिसते." घरातले सगळे हसले. मामाही हसले. पण डाग आहे, हे त्यांनी सोडलं नाही.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात सपाट काचेच्या टीव्हीच्या जाहिराती येऊ लागल्या. आज तुमच्या भिंतीवर पाटीसारखा टीव्ही असतो, तसा तो नव्हता. मागचं कुबड तेवढंच, फक्त समोरची काच सपाट. त्याला सगळे फ्लॅट टीव्ही म्हणत. मामांनी जाहिरात माझ्यापुढे धरली. "म्याडम, वाचा. काच सपाट हाय ना? मंग रेघ सरळ दिसनारच. मी काय म्हनत हुतो?" तुमच्या आजोबांनी तो घ्यायचं ठरवलं. म्हाताऱ्याची एवढी एक हौस, असं आम्हाला वाटलं. मामांना ती हौस वाटत नव्हती. आपलं म्हणणं खरं ठरायची वेळ आली, असं त्यांना वाटत होतं.

टीव्ही नगरहून टेम्पोने आला. रविवार होता आणि मॅच चालू होती. गल्लीतली निम्मी माणसं आमच्या पुढच्या खोलीत जमली. मामांनी नवी काच स्वतः पुसली, खुर्ची बरोबर समोर ओढली आणि बसले. शकीलभाईंनी चॅनल लावून दिले. हिरवंगार मैदान असं उमटलं की मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा मामा, स्टंप," शकीलभाई म्हणाले. "छडीसारखे सरळ."

मामांनी एक डोळा तळहाताने झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुन्हा तेच केलं. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे मॅच बघत होते. माझं होतं, कारण मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर उभी होते आणि त्यांनी कप घेतला नव्हता. ते उठले आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. ते जीपच्या पुढे उभे राहून रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडे बघत होते.

"म्याडम, त्यो खांब सरळ हाय का?"

"सरळ आहे, मामा."

"मधी कुठं वाकलेला न्हाई?"

"नाही."

त्यांनी पुन्हा एक डोळा झाकून पाहिलं. मग हात खाली घेतला. "मंग टीव्ही चांगला हाय. जुनाबी चांगला हुता." मग रस्त्याकडे हात करून म्हणाले, "रस्ता पाठ हाय मला. कुठं खड्डा, कुठं वळन, कुठं कुनाची गाय बसती. म्हनून कळलं न्हाई. मी डोळ्यानं गाडी हाकतच नव्हतो. पोरं घिऊन."

शेवटचे दोन शब्द त्यांनी फार हळू म्हटले. मी म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवू, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांनी मान हलवली आणि खिशातली किल्ली माझ्या हातात दिली. "दाखवू. पन उद्या गाडी भरनार न्हाई."

खोलीत मॅच चालू होती तेव्हाच ते घरोघर सांगायला निघाले. मी आणि तुमचे आजोबा सोबत होतो. तुमचे आजोबा वाटेत म्हणाले, "दादा, जीप गॅरेजला टाकलीय म्हणून सांगू. एवढं खोलात कशाला जायचं?" मामा थांबले. "गाडीला नाव ठिवायचं न्हाई. गाडी ठीक हाय. टीव्हीला ठिवली तेवढी नावं पुरं झाली." आणि प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "उद्यापासनं पोरं दुसऱ्या गाडीनं धाडा, माझ्या डोळ्यात खोट हाय." एक बाई म्हणाली, "मामा, तुम्ही डोळे झाकून चालवली तरी आम्हाला चालेल." ती मायेनेच बोलली. मामा म्हणाले, "तेच चाललं हुतं, बाई." तिला ते कळलं नाही. ती हसली.

शकीलभाईंना त्यांनी दुसऱ्या दिवशी गाठलं. "तुझी कॉइल चांगली हाय. माझीच कॉइल गेलीय." जुना टीव्ही दुकानदार बदल्यात घ्यायला तयार होता, पण बिघडलेला म्हणून. मामांनी दिला नाही. गल्लीतल्या बुद्धविहाराच्या खोलीत दुपारी बायका शिवणकामाला बसत, तिथे तो नेऊन ठेवला. चालू करून दाखवला आणि सांगितलं, "ह्यात कायबी खोट न्हाई. कुनी सांगितलं तर ऐकू नका."

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतला मागचा पडदा झिजत चाललाय. मोतीबिंदूसारखं काढून टाकता येण्याजोगं ते नव्हतं. मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं राहील. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे बाजूचे आरसे ऱ्हातील, म्होरची काच जाईल."

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

"मंग पाठीमागं काय चाललंय ते तरी दिसंल," मामा म्हणाले आणि उठले.

मला वाटलं होतं, आता हा माणूस खचेल. चार दिवस ते अंगणात बसून राहिले, हे खरं. पाचव्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर जीपच्या डाव्या बाजूला बसलेले. "म्याडम, बसा स्टेअरिंगला. गाडी उभी ऱ्हाऊन सडायची न्हाई."

"मामा, मला सायकलसुद्धा नीट येत नाही."

"बरंय मंग. चुकीच्या सवयी लागल्या नसतील."

तुमच्या आजोबांना सोडून मलाच का, असं मी विचारलं. "त्यो माझ्यासंगं वाद घालतो," मामा म्हणाले. "तुमी शिकवता, तुमाला शिकायचं ठाऊक हाय."

त्या वेळी आमच्या भागात बाईने जीप चालवणं म्हणजे कौतुकापेक्षा करमणूक जास्त होती. उसाच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावर आमची शिकवणी चाले आणि बांधावर प्रेक्षक उभे असत. मला गिअरच्या दांड्याकडे बघायची सवय होती. मामा समोरचं बघू शकत नव्हते, पण माझी मान खाली गेलेली त्यांना कडेने बरोबर दिसे. "खाली काय हाय? सोनं पडलंय का?" इंजिनाच्या आवाजावरून ते गिअर सांगत. एकदा गाडी बंद पडली, मी घाबरून इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. "इंग्रजी मंग," मामा म्हणाले, "आदी क्लच." बांधावरून एकजण ओरडला, "मामा, जिवावर उदार झाला का?" मामांनी आवाजाच्या दिशेने हात केला. "तुज्या पोराला शाळंत हीच न्हेनार हाय. नाव लिहून ठिव."

आणि तसंच झालं. परवाना मिळाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी जीप भरली. पहिल्या दिवशी सगळ्या आया दारात उभ्या राहिल्या, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मामा शेजारी बसून म्हणाले, "बघू द्या. दिवाळीपातूर बघतील." दिवाळीच्या आतच त्या पाठ फिरवू लागल्या. मामा कडेने बघून मला बातमी देत, "आज दोघी वळल्या," आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटे.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी त्यांना समोरचा माणूस आवाजावरूनच कळे, पण टीव्हीसमोरची खुर्ची त्यांनी सोडली नाही. मी शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगत असे. मला आठवतात ते मात्र त्याच्याही आधीचे, एका दुपारचे. नेवाशाला नातेवाइकांकडे लग्नाला गेलो होतो. परत येताना आम्ही दोघंच जीपमध्ये होतो. मामा दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नसत. एसटीतून प्रवासी म्हणून जातानाही ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागे बसत, त्याच्या बरोबरीने रस्ता बघत. त्या दुपारी नेवासा सोडल्यावर थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांच्या सूचना थांबल्या आहेत. वळून पाहिलं तर मान छातीवर कललेली, हात मांडीवर सैल पडलेले. गाढ झोप लागली होती.

रस्ता खराब होता, समोरून उसाचे ट्रक येत होते. मी खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता गाडी आणली. दारात येऊन इंजिन बंद केलं तरी त्यांना जाग आली नाही. तुमचे आजोबा बाहेर आले आणि हाक मारू लागले. मी त्यांना खुणेने थांबवलं आणि मामांची झोप पुरी होईपर्यंत तशीच स्टेअरिंगवर बसून राहिले.