कृपेवरचं व्याख्यान आणि कपाटातले डबे

राजेंद्र नगरातल्या आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात दर महिन्याला कोणीतरी बोलावं लागतं. गुडघेदुखी, मधुमेह आणि मृत्युपत्र हे विषय संपल्यावर माझी पाळी आली. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. मी निवृत्त झालो, माझी जीभ झाली नाही. ‘बायबल-अभ्यासातल्या मूळ संकल्पना’ हा विषय मीच सुचवला आणि तीन व्याख्यानं देईन असंही सांगून टाकलं. मंडळाने हरकत घेतली नाही, कारण व्याख्यानानंतर कचोरी असते.

पहिली दोन व्याख्यानं उत्तम झाली, असं माझं मत आहे. पाप या कल्पनेसाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेम चुकणं असा आहे, हे ऐकून मागच्या रांगेतले एक आजोबा जागे झाले. दुसऱ्या व्याख्यानातला करार तर सगळ्यांना लगेच समजला. देवाने माणसांशी बांधून घेतलेलं नातं, दोघांनीही पाळायचं. आमची अख्खी कॉलनी त्याच तत्त्वावर चालते. तुमच्याकडून पुरणपोळ्या आल्या की आमच्याकडून अनारसे गेलेच पाहिजेत.

तिसरं व्याख्यान कृपेवर होतं. त्याच्या आधीच बायको न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि ती घरी आली ती पलंग आणि वॉकर यांच्यापुरती.

आमच्या समोरच्या घरात एक बाई राहतात. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती, एकट्या. संध्याकाळी फिरायला जाण्याची त्यांची आणि माझ्या बायकोची जोडी. बायको घरी आल्यापासून त्या रोज दुपारी स्टीलचा डबा घेऊन येऊ लागल्या. कधी मुगाची खिचडी, कधी कढी, एकदा भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसांचा, कीस. डबा माझ्या हातात द्यायच्या आणि तासभर पलंगाशेजारी बसायच्या. त्या तासात बायको दुखणं विसरायची. मी मात्र डबा विसरू शकत नव्हतो.

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला आईने पाढ्यांच्याही आधी शिकवलं होतं. पहिल्या दिवशी मी डब्यात साखर घालून दिली. त्यांना मधुमेह आहे हे नंतर आठवलं. दुसऱ्या दिवशी शेव घातली. “भाऊजी, माझं बीपी,” त्या म्हणाल्या. मग मी शिरा करायला घेतला. तो कढईला असा लागला की शेवटी कढईच टाकून द्यावी लागली. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना शिऱ्याचं सांगायची माझी छाती नव्हती. त्या पोळ्यांखेरीज कशालाही हात लावत नाहीत.

उद्या काहीतरी करू, असं म्हणत डबे साठत गेले. ओट्यावरच्या रांगेकडे समोरच्या बाईंची नजर जाईल या भीतीने मी ते सगळे पुस्तकांच्या कपाटात, जाड भाष्यग्रंथांच्या मागे लपवले. भाष्यग्रंथांचा एवढा उपयोग मी पूर्वी कधी केला नव्हता.

आणि एक दिवस त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोने फोन केला, तर “येते, येते, जरा काम आहे,” म्हणून त्यांनी तो लगेच ठेवला. झालं. ग्रंथात जे आहे तेच बाहेर काढावं, आपल्या मनातलं त्यात घुसवू नये, असं पहिल्या व्याख्यानात मी मंडळाला बजावलं होतं. समोरच्या बंद दारावर मात्र मी आठवडाभर भाष्य रचत बसलो. त्यांना राग आलाय. आपण त्यांना फुकटे वाटलो. जाऊन माफी मागावी, तर डबे न्यायला हवेत. डबे न्यायचे, तर ते भरायला हवेत. म्हणून जायचंच नाही. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाचा हा युक्तिवाद होता.

इकडे बायकोचं जेवण अर्ध्यावर आलं. व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातून येणाऱ्या मुलीने चालायचा आग्रह केला की ती म्हणायची, “चालून जायचंय कुठे?” आणि भिंतीकडे तोंड करायची. मी घाबरलो. घाबरलो की मी बोलतो, म्हणून एका दुपारी तिच्यासमोर तिसऱ्या व्याख्यानाची तालीम सुरू केली. पळून जाऊ न शकणारा श्रोता मला जन्मात पहिल्यांदाच मिळाला होता.

“कृपा म्हणजे लायकी न बघता मिळालेलं देणं,” मी हात उंचावून म्हणालो. “ते फेडता येत नाही. फेडायला गेलं की ती कृपाच उरत नाही. माणसाने फक्त घ्यायचं.” आणि आधारासाठी कपाटातला जाड ग्रंथ ओढला. त्याच्यामागून डबे आणि झाकणं घरंगळत थेट पलंगापर्यंत गेली.

बायकोने डब्यांकडे बोट दाखवलं. “हे तिचे?”

“रिकामे कसे द्यायचे?”

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” ती म्हणाली, आणि म्हण पुरी न करता रडायला लागली. “अहो, मला तिचं जेवण नकोय. मला ती हवीये. दिवसभर ही भिंत बघून मला वेड लागेल. तुमचे डबे भरेपर्यंत मी काय करू?”

मी डबे पिशवीत भरले आणि रस्ता ओलांडला. पिशवी इतकी वाजत होती की गल्लीतल्या सगळ्यांना माझी वर्दी मिळाली असावी. माफीची तीन वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. बाईंनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि ती माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

“बरं केलंत भाऊजी. घरात एक डबा नाही राहिला. रोज सोचते की आज जाऊ, पण बिमार माणसाकडे खाली हाथ कशी येऊ? आणि आपलेच डबे मागायला शरम वाटते ना. तिचा फोन आला, तर काय बोलू तेच समजेना.”

“रिकामे आहेत,” जुळवलेल्या तीन वाक्यांऐवजी मी एवढंच म्हणालो.

“मग? भरलेल्या डब्यात मी काय घातलं असतं?”

त्या आत गेल्या, एका डब्यात कढी ओतली आणि चपला घालून माझ्यासोबत निघाल्या. आमच्या दारात त्यांचा आवाज ऐकला तशी बायको कोपरावर भार देऊन, माझ्या मदतीशिवाय, उठून बसली. “किती दिवस लावलेस गं,” ती म्हणाली. “यांना विचार,” बाई म्हणाल्या. दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मला फार लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं.