वसंताच्या गाडीवर गाणं वाजेना

मोटरसायकल रस्त्यात बंद पडली तर वसंता कधी चिडायचा नाही. खाली उतरायचा, चार किका मारायचा, नाहीच जमलं तर ढकलत न्यायचा. पण हँडलला सुतळीने बांधलेल्या साबणवडीएवढ्या प्लेअरने मात्र त्याचं डोकं पार फिरवलं होतं. एप्रिलच्या उन्हापेक्षा घरच्यांना त्याच्या तोंडाचीच जास्त धास्ती वाटायला लागली होती.

जालन्याच्या एमआयडीसीत तो लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. भट्टीतून आलेली लाल सळई लांब चिमट्याने धरायची आणि पुढच्या रोलरच्या तोंडात द्यायची, हे काम तो लग्नाआधीपासून करत आला होता. त्या मिलमध्ये तोंडाने कुणी बोलत नाही. एवढ्या खणखणाटात बोलून उपयोगच काय? सगळा कारभार हाताने आणि ओठांकडे बघून. मूठ वर केली की थांब. पंजा हलवला की सोड. सळई सरळ पार झाली की अंगठा छातीला टेकवून पुढे करायचा, म्हणजे बराबर. हळूहळू तो घरीही असाच बोलायला लागला. जेवताना मूठ वर झाली की दीपमालाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ओळखायचं की भाकरी पुरे. आधी ती हसायची. मग तीही हातानेच विचारायला लागली.

गावात मात्र वसंताला मिलवाला म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तो पूर्वी गायन पार्टीत ढोलकीवर बसायचा आणि त्याचा कान म्हणजे कान होता. पेटीची एक पट्टी जरा उतरलेली असली तरी हा मागून ओरडणार, "आधी ती काळी बघा, मंग गा!" पाळ्यांपायी ढोलकी सुटली, कान राहिला, असं तोही म्हणायचा आणि गावही मानायचं. म्हणून यंदाच्या भीमजयंतीला स्टेजवरचं पहिलं गाणं त्याच्या लेकीला, अक्षताला मिळालं, तेव्हा पार्टीचा म्होरक्या रामकिसन एवढंच म्हणाला, "वसंतानं हो म्हणलं की गाणं बसलं. मंग मला इचारायचं काम न्हाई."

पण ऐकायचं कधी? ती कॉलेजातून यायची तेव्हा हा पाळीवर, आणि हा घरी यायचा तेव्हा ती तालमीला. शेवटी दीपमालाने तोडगा काढला. अक्षताने गाणं रेकॉर्ड करून लाल रंगाच्या मेमरी कार्डात भरावं आणि बापाने ते जाता-येता गाडीवर ऐकावं. घरातल्या प्लेअरची बॅटरी कधीच मेली होती, करंट दिला तरच तो वाजायचा. "गाडीला करंट हायच की," वसंता म्हणाला, आणि तिथून कटकटीला सुरुवात झाली.

पहिल्यांदा त्याने स्वतःचीच अक्कल पाजळली. हेडलाइटची वायर सोलून प्लेअर जोडला. रेस ओढली की दिवा भडकतो आणि सोडली की मिणमिणतो, हे रोज बघणाऱ्या माणसाला नेमकी तीच वायर कशी सुचली, त्याचं त्यालाच ठाऊक. अंबड रोडला लागून त्याने गाडी पळवली आणि प्लेअरमधून गाण्याऐवजी धूर निघाला. कार्ड तेवढं वाचलं. तेव्हापासून गाडी थांबली की कार्ड काढून शर्टाच्या खिशात, अशी त्याने सवयच लावून घेतली.

दुसरा प्लेअर घेऊन तो अंबडला अंगदकडे गेला. अंगद स्टँडजवळ गाड्यांचं वायरिंग करतो. त्याने कपाळाला हात लावला.

"मामा, हेडलाइटला कॉइलचा करंट येतो, तो कमीजास्ती होऊन राह्यतो. आपल्याला हॉर्नच्या लाइनीतून घ्यावं लागतं, बॅटरीवरून. अन् मधी हे डब्बं पाह्यजे, बाराचं पाच व्होल्ट करणारं."

जोडणी झाली, प्लेअरचा निळा दिवा लागला. वसंता खुशीत निघाला आणि फाट्यावरूनच माघारी आला.

"आवाजच न्हाई याला."

अंगदने आवाज वाढवला. "आता?"

"नुसतं घूं घूं करून राह्यलंय. गाणं कुठंय?"

मग रोजच्या चकरा सुरू झाल्या. अंगदने अर्थिंग बदललं, फ्यूज बदलला, वायर सीटखालून फिरवून आणली. वसंताने गाडीची बॅटरी नवी घातली. कधी प्लेअरवर शिव्या, कधी बॅटरीवर, कधी अंगदवर. घरात अक्षताने "पप्पा, ऐकलं का?" म्हटलं की त्याचा पारा चढायचा. "कशावर ऐकू? त्या अंगदनं वायरिंगची पार वाट लावून ठिवली!"

एका सुट्टीला दीपमालाने लेकीला त्याच्यासमोरच बसवलं. अक्षताने डोळे मिटून गायला सुरुवात केली आणि वसंता मध्येच उखडला. "तोंडातल्या तोंडात काय गाती? आवाज काढ की!" पोरगी रडत उठून गेली. तिने जीव तोडून गायलं होतं, हे दीपमाला सांगायला गेली, तर तो तिच्यावरही भडकला.

खरं तर राग लेकीवर नव्हताच. त्याला भीती वाटत होती. जयंती तोंडावर आली होती, पोरीचं पहिलं स्टेज होतं, सगळी पार्टी विचारत होती की वसंता काय म्हणतो, आणि ज्याच्या कानाचा एवढा बोलबाला तो बाप एका दीडदमडीच्या प्लेअरपायी मुका बसला होता.

जयंतीच्या आदल्या दुपारी अंगदच चिडून घरी आला. "मामा, आज हे वाजंल, न्हाई तर मी धंदा बदलतो." गाडी अंगणात स्टँडवर लावली. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, म्हणजे इंजिनाच्या आवाजाची सबबच नको. वसंता मोरीवर हात धुऊन आला तेव्हा निळा दिवा लागलेला होता आणि अंगद आवाजाचं बटण दाबत होता.

वसंता वाकला, प्लेअरला कान लावला. घूं घूं नव्हती. खाली काहीतरी धपधपत होतं आणि वर अगदी पुसट, बाईमाणसाचा आवाज. आली! त्याला इतकं बरं वाटलं की त्याने डोळे मिटून मांडीवर ठेका धरला.

डोळे उघडले तर शेजारची सोनूबाई कुंपणापाशी कानावर पदर दाबून उभी. दाव्याची शेळी मागे ओढ घेत होती. अंगदची बोटं कानात होती. हात कानाला कशाला, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही; लोक गाणं ऐकायला जमले असं वाटून वसंताची छाती फुगली. अक्षता दारात उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "चांगलं बसलंय. दुसऱ्या कडव्यात जरा आवाज उतरतो, तिथं दम धर. बाकी बिलकुल बराबर."

अंगदने प्लेअर बंद केला आणि त्यातलं कार्ड काढलं. कार्ड काळं होतं. तो पुटपुटला, पण वसंताला त्याचे ओठ स्पष्ट वाचता आले.

"मामा, हे माझं कार्ड हाय, टेस्टिंगचं. हळदीच्या नाचाचं गाणं व्हतं."

वसंताचा हात खिशाकडे गेला. लाल कार्ड सकाळपासून तिथंच होतं.

नवी बॅटरी, नवी वायर, नवा प्लेअर, सगळं त्याच्यासमोर धडधाकट उभं होतं. शिवी द्यायला आता काही उरलं नव्हतं. दीपमाला घरात हातानेच का बोलायला लागली आणि लेकीचा आवाज असा बारीक कसा झाला, हे त्याला एका दमात कळलं. खिशातला हात त्याला बाहेर काढवेना.

अक्षता पायरी उतरून त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "रामकिसनकाकाला सांगते, पप्पा हो म्हणले. दुसऱ्या कडव्यात दम धरते."

आणि तिने अंगठा छातीला टेकवून पुढे केला.