तळोज्याचा वास

वेळ न पाळण्याचं इतकं काटेकोर तंत्र सांभाळणारा माणूस अख्ख्या नवीन पनवेलमध्ये दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. आमचे हे साहेब माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. ते जिना चढू लागले की न बघता कळायचं, कारण त्यांच्या आधी त्यांच्या अंगात मुरलेला कारखान्याचा वास चढायचा. सडका कांदा आणि आंबलेली चिंच एकत्र वाटावी तसा. बिचारे दोन-दोनदा आंघोळ करायचे, अंगाला लिंबू चोळायचे, लग्नात पंख्यापासून लांब मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. "माझ्यावरचा वारा वऱ्हाडावर नको," म्हणायचे. बाकी कशाची त्यांना लाज नव्हती. पिठलं कच्चं राहिलं तर यजमानांच्या तोंडावर सांगायचे, "अभिक्रिया अपुरी आहे." मी कॉलेजात ग्रंथपाल. माझ्याकडून रहस्यकथा न्यायचे आणि शेवटचं प्रकरण न वाचताच परत करायचे. खुनी कळला की मजा संपते, मग कळून घ्यायचाच कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असायचा.

माझी पत्नी गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सव्वासहाला तिची किल्ली दारात फिरायची. ती गेल्यावरही सव्वासहाला माझे कान दाराकडे जात आणि रिकामे परत येत. जेवणाला चव उरली नव्हती. मीठ विसरलं तरी कळत नसे. घर बंद करून सांगलीला भावाकडे कायमचं जायचं मी जवळजवळ ठरवलं होतं, आणि तसं त्यांना बोलूनही दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्याच ग्रंथालयातलं एक परदेशी विज्ञानमासिक घेऊन खाली आले.

"अहो ग्रंथपाल, तुम्ही नुसती पुस्तकं लावता, वाचत नाही. हे बघा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे फट असते. एक पेशी फटीत रसायन सोडते, दुसरी ते झेलते. आपल्या बायका गॅलरीतून वाटी पुढे करतात ना, तसं. आणि निरोप पोचला की पहिली आपली वाटी परत मागून घेते."

"बरं मग?"

"आनंदाच्या वाटेवरच्या वाटीत डोपामिन असतं. माकडाला अवचित फळांचा रस दिला की पेशी खूश. पण आधी दिवा लावून मग रस दिला, असं रोज केलं, तर पेशी रसाला विचारतच नाही. दिवा लागला की नाचते. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर त्या क्षणाला गप्प होते." त्यांनी मासिक मिटलं. "तुमचे सव्वासहा म्हणजे तो दिवा आहे. रस येत नाही. मला दीड महिना द्या. तुमच्या पेशीला दुसरा दिवा लावून देतो. तोवर सांगली नाही."

"म्हणजे मी माकड?"

"शास्त्रात त्याला फार मान असतो हो."

दिवा म्हणजे माझ्या दाराची बेल, आणि रस म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, हातचं काहीही. मात्र ते कधी येणार हे मला कळता कामा नये, आणि त्यांच्या मते त्यांनाही कळता कामा नये. म्हणून शिफ्ट नसेल तेव्हा ते वर ल्यूडोचा फासा टाकत बसत. सहा पडले की खाली यायचं. माझ्या छतातून वहिनींचा आवाज ऐकू येई, "अहो, भजी गार होतायत!" आणि त्यावर यांचा, "दान पडू दे ना!" कधी सकाळी सातला करंजी, कधी भर दुपारी कवठाची चटणी, कधी पोपटीच्या मडक्यात भाजलेल्या वालाच्या वाफाळत्या शेंगा. वाल देणारी विचुंब्याची भाजीवाली एकदा त्यांना दुपारी ताटली सांभाळत धावत उतरताना बघून मला म्हणाली, "सायेब, आमी नाय बा असा मानूस बगला. याच्या मागं कोन लागलाय काय?"

मी खायचो. चव लागायची नाही. त्यांचं मन मोडू नये म्हणून "छान" म्हणायचो. त्यावर ते माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायचे आणि डायरीत फुली मारायचे. पाच आठवडे फुल्याच फुल्या. मी भावाला येतो म्हणून पत्रही लिहून ठेवलं.

मग एका संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि तळोज्याचा तो वास घरात शिरला. इमारतीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, कोणीतरी कारखानेवाल्यांचा उद्धारही केला. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि ताटली काढून टेबलावर ठेवली. तोंडाला पाणी सुटलं होतं. बेल वाजली नाही. साहेब तर सेकंड शिफ्टला होते. घड्याळात पाहिलं, सहा वाजून पस्तीस मिनिटं. सव्वासहा केव्हा होऊन गेले, मला कळलंच नव्हतं. मी तसाच उभा राहून रडलो आणि छातीवरचा दगड कोणी उचलून घेतल्यासारखं हलकं वाटलं. मग मी वर जाऊन वहिनींकडे भाकरी मागितली. भाकरीला मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे प्रयोग नासला. तुमची पेशी बेलीला नाही, माझ्या वासाला लागली." मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो, बरोबरच आहे! सगळ्यांत आधी जी खूण मिळते तिलाच ती धरते. बेल वाजायच्या आत मी जिन्यातूनच पोचत होतो!" खूप हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "वीस वर्षं लिंबू चोळतोय हो मी." त्यानंतर त्यांनी लिंबू सोडलं, आणि पुढच्याच लग्नात माझ्या शेजारी, थेट पंख्याखाली बसले.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. गेल्या महिन्यात वहिनींचं पत्र आलं. साहेब गेले, झोपेतच, त्रास झाला नाही. उशाशी माझ्या ग्रंथालयाची एक रहस्यकथा होती, शेवटच्या प्रकरणाआधी खूण घातलेली.

वारा अजून कधीतरी उत्तरेचा सुटतो. खिडक्या धडाधड बंद होतात. माझी मी उघडी ठेवतो आणि ताटली काढतो. बेल वाजत नाही. पेशी क्षणभर गप्प होत असणार. मग मी त्याच ताटलीत माझं जेवण वाढून घेतो. चव लागते.